भंडाऱ्या आणि कांबळ्या

दक्षिण अमेरिकेत दोन पक्षी आहेत. अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिण भाग, तिथल्या ओल्या कुरणांत आणि पाणथळीत ते थव्यानं राहतात. मी ते प्रत्यक्ष कधी पाहिले नाहीत, आणि आता पाहीन असं वाटतही नाही. तरी जवळजवळ दीड वर्ष मी रोज सकाळी दहापासून दिवस कलेपर्यंत, इस्लामपूरजवळच्या आमच्या घरात खिडकीशी टेबल लावून, या दोनच पक्ष्यांचे फोटो बघत होते.

त्याआधी अकरा वर्षं मी साताऱ्यात एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. तासांवर. दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, तेच तास. एका जूनमध्ये सांगण्यात आलं की या वर्षी तास नाहीत. पुढच्या वर्षीही नव्हते. खोली सोडली, पुस्तकं दोन पोत्यांत भरली आणि एसटीनं घरी आले. वय एकेचाळीस, लग्न केलेलं नाही. आईनं पोती उतरवून घेतली. आबा, म्हणजे माझे वडील, अंगणात खुर्चीवर बसले होते. ते एवढंच म्हणाले, "आलीस? बरं झालं." आमच्यात तसं बोलणं फारसं नव्हतंच. मी लग्नाला नाही म्हटलं तेव्हापासून आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोलायचो. भांडण कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं.

ते फोटोंचं काम विद्यापीठातल्या एका जुन्या मैत्रिणीनं मिळवून दिलं. परदेशातल्या कुणाला तरी संगणकाला पक्षी ओळखायला शिकवायचं होतं. त्यासाठी आधी माणसानं एकेका फोटोवर पक्ष्याचं खरं नाव लिहून द्यावं लागतं. माझ्या वाट्याला ही जोडी आली, कारण ती कुणालाच नको होती. दोघे एकाच कुळातले, साळुंकीएवढे, वरून गडद तपकिरी, पोट पिवळं, खांद्यावर पिवळा डाग. समोरून पाहिले तर जुळे भाऊ. फरक दोनच ठिकाणी. एकाची कंबर, म्हणजे पाठीचा शेपटीकडचा भाग, पिवळी असते आणि कुशीही पिवळ्या असतात. दुसऱ्याची कंबर आणि कुशी तपकिरीच राहतात, पिवळं काय ते पोटाच्या मध्यावर. पक्षी उडाला की ओळखणं सोपं. पण फोटोतले पक्षी उडत नाहीत. ते बोरूसारख्या गवतात अर्धे लपलेले असतात, ऊन डोक्यावर असतं, पंख नेमका कुशीवर मिटलेला असतो. पिवळ्या कमरेचा जरा कोरड्या कुरणातही जातो, तपकिरी कुशीचा पाण्याच्या जास्त जवळ राहतो. पण कधी कधी दोघे एकाच कुरणात दिसतात, त्यामुळे मागची जागा बघून ठरवायचीही सोय नाही.

पहिल्या आठवड्यातच माझे बरेच फोटो तपासून परत आले. शेजारी इंग्रजीत एकच ओळ: कुशी पाहा.

आबा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. तिथं त्यांचं काम बघण्याचं होतं. डोंगरावर दुर्बीण घेऊन बसायचं, आपला गोळा कुठं पडला ते बघायचं आणि वायरलेसवर सांगायचं. नजरेचा त्यांना भारी अभिमान. गावच्या बैलबाजारात दोन शेतांपलीकडून येणारा बैल कुणाचा ते त्याच्या चालीवरून सांगायचे, आणि लोक मुद्दाम त्यांना विचारायचे. तर एक दिवस मी कपाळाला हात लावून बसले होते आणि ते चहाची कपबशी घेऊन मागं येऊन उभे राहिले.

"काय बघतीयास एवढं?"

मी सांगितलं. दोन पक्षी, असा असा फरक. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला, पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं.

"मागचं दाव. न्हाई, त्याच्या मागचं. हां. ह्याच्या बगलंखाली बघ, पंख संपतोय तितं. कांबळं घेतल्यागत दिसतंय का न्हाई? आन् त्या दुसऱ्याच्या पाठीला भंडारा फासलाय. लय सोपं हाय की."

लय सोपं नव्हतं. पण त्यांना सोपं होतं. त्या दिवसापासून पिवळ्या कमरेचा तो भंडाऱ्या आणि तपकिरी कुशीचा तो कांबळ्या. खरी नावं लॅटिनमध्ये लांबलचक आहेत, मराठीत नाहीतच. मी पडद्यावर लॅटिन नाव लिहायची आणि तोंडानं आबांचं नाव म्हणायची.

मग ते रोज येऊन बसायला लागले. सकाळी जनावरांचं बघून, अंघोळ करून, पांढरा सदरा घालून, ड्युटीवर आल्यासारखे. मी फोटो उघडायची, ते निकाल द्यायचे. शंका असली की म्हणायचे, "टार्गेट क्लिअर न्हाई, म्होरं चल." माझे फोटो परत यायचे थांबले. मधेच ते विचारायचे, तिकडं ऊस होतो का, तिकडची जनावरं कसली, हे पक्षी घरटं कुठं करतात. मी वाचून सांगायची. कांबळ्याच्या घरट्यात आईबापांशिवाय दुसरेही पक्षी पिलांना चारा आणून घालतात, हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. "म्हंजी चुलतं-मावशा समदं हायत म्हणायचं." एकदा फोटो बघता बघता पडद्यावरची नजर न काढता त्यांनी विचारलं, "साताऱ्यात तुला करमत हुतं का गं?" अकरा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हटलं. मग म्हटलं, नव्हतं करमत. ते म्हणाले, "मला बी सुरवातीला पलटणीत करमायचं न्हाई," आणि त्यांनी रंगरूट असतानाची गोष्ट सांगितली, बराकीमागं जाऊन रडल्याची. आईलाही ती माहीत नव्हती.

मला त्या दिवसांत सुख होतं. हे लिहायची आता लाज वाटते, पण होतं.

त्याच दिवसांत आबा उंबऱ्याला अडखळायला लागले. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. तांब्यातलं पाणी पेल्याच्या कडेला सांडायचं. शेजारून कुणी आलं की दचकायचे. आई म्हणायची, "आवं, बघून चाला की जरा," आणि मला म्हणायची, वय झालं त्यांचं. दोन वर्षांपूर्वी गावात चष्म्याचं शिबिर आलं होतं. तिथल्या माणसानं बॅटरी मारून सांगितलं होतं, मोतीबिंदू सुरू झालाय, पिकला की काढू. आमच्याकडं सगळ्यांचे मोतीबिंदू असेच पिकायची वाट बघतात. त्यामुळं चौकट, तांब्या, उंबरा, सगळं त्या एका शब्दात बसत होतं. मी एकदा म्हटलं, "आबा, मिरजेला जाऊन डोळे दाखवू या." ते म्हणाले, "ऊस तुटून जाऊ दे." मी लगेच बरं म्हटलं. त्या महिन्यात माझ्याकडं फोटोंचा मोठा गठ्ठा आलेला होता.

आणि मला शंका येण्याचं कारणच नव्हतं. ज्या माणसाला पडद्यावरच्या दोन अंगुळांच्या पक्ष्याच्या कुशीचा रंग कळतो त्याचे डोळे कसे खराब असतील?

त्यांची उत्तरं मात्र हळूहळू बदलली होती. ते आता "म्होरं चल" म्हणेनासे झाले होते. प्रत्येक फोटोला उत्तर द्यायचे, तेही चटकन. मी फोटो उघडून म्हणायची, "आबा, हा मला भंडाऱ्याच वाटतोय," की ते म्हणायचे, "भंडाऱ्याच." मी थांबले तर तेही जरा थांबायचे आणि मग कांबळ्या म्हणायचे. माझा निर्णय होत नसेल तर मी त्यांचा शब्द घ्यायची. असे कितीतरी फोटो मी त्यांच्या शब्दावर पाठवून दिले.

मार्चमधली गोष्ट. सकाळपासून नेट अडखळत होतं. मी पुढचा फोटो उघडला तर तो येईचना. पडदा पांढरा, मधे एक गोल फिरतोय. मी कंटाळून पाठ टेकली. माझं काही बोलणं झालं नाही, म्हणून असेल, आबा पुढं वाकले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "भंडाऱ्या हाय ह्यो."

मला वाटलं चेष्टा करतायत. मी हसले.

"आबा, नीट बघा की."

"बघितलं की. पाठ बघ त्याची. भंडाऱ्याच हाय."

पडदा पांढराच होता. मी त्यांच्याकडं बघितलं. ते पडद्याकडंच बघत होते, चेहरा एकदम सावध, कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा. मी काय म्हणते त्याची वाट बघत होते. मी हात उचलून त्यांच्या कानाच्या बाजूनं पुढं नेला, डोळ्यांच्या कडेला आणला, जवळजवळ समोर. त्यांची पापणी हलली नाही.

"बरोबर आहे आबा," मी म्हटलं. "भंडाऱ्याच आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही मिरजेला गेलो. मोठं रुग्णालय, लांब बाकं, डोळ्यांत औषध घालून माणसं ओळीनं मान वर करून बसलेली. आबांना एका यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, आत कुठंही दिव्याचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. आबा बटण दाबायला लागले. ठरावीक वेळानं, एकसारखं, टक, टक, टक. यंत्रावरची मुलगी म्हणाली, "आजोबा, दिसल्यावरच दाबायचं." आबा म्हणाले, "व्हय, व्हय." आणि परत तसंच, टक, टक. तिनं तपासणी थांबवली आणि माझ्याकडं बघितलं. मी आबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "आबा, इथं अंदाज नको. दिसलं तरच." त्यानंतर बराच वेळ बटणाचा आवाज आला नाही.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. म्हणाले, "हा मोतीबिंदू नाही. थोडा आहे, पण तो प्रश्न नाही. हा काचबिंदू आहे." लोक दोन्ही एकच समजतात, असं म्हणून त्यांनी कागदावर डोळा काढला. मोतीबिंदूत भिंगावर पडदा येतो, तो काढता येतो, उशीर झाला तरी दृष्टी येते. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब वाढून मागची शीर मरत जाते. दुखत नाही, कळत नाही. आधी कडेचं जातं, मधलं राहतं. माणसाला नळीतून बघितल्यासारखं दिसतं, तो वाचू शकतो, आणि चौकटीला आपटतो. शेवटी मधलंही जातं. मी त्या कागदाकडं बघत होते. नळीतून बघत असेपर्यंत आबांना पक्षी स्वच्छ दिसत होते. ती नळी रोज माझ्या शेजारी बसून लहान होत गेली होती.

आबा ताठ बसले होते. "सर, किती राहिलीया?"

"उजव्या डोळ्यात जवळजवळ नाही. डाव्यात थोडा उजेड समजतो. हा दाब आपण थेंबांनी कमी करू, म्हणजे आहे ते टिकवायचा प्रयत्न करू. गेलेलं परत येत नाही, आजोबा."

"ओके सर," आबा म्हणाले.

मी विचारलं, "आधी आणलं असतं तर?"

डॉक्टर चिठ्ठी लिहीत होते. लिहिणं थांबवून म्हणाले, "ते आता मनात आणू नका." म्हणजे काय ते मला कळलं.

परतताना गाडीत खिडकीकडं आबा आणि शेजारी मी. सांगलीचा पूल आला. मग मीच विचारलं. कधीपासून दिसत नव्हतं? त्यांनी हिशेब केला. दिवाळीपासून पडदा धुरकट दिसत होता, संक्रांतीनंतर पक्षी दिसायचे बंद झाले.

"मग सांगितलं का नाही आबा? रोज माझ्याजवळ बसत होता. रोज खोटं सांगत होता."

"खोटं कसलं. तू बोललीस की कळायचं मला. तुझ्या आवाजावनं."

"पण का?"

ते खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "तू बोलत हुतीस की माझ्यासंगं. दिसत न्हाई म्हटलं असतं तर तू एकटीच बसली असतीस काम करत. मी काय अंगणात बसून करायचं हुतं?"

मला रडायलाही आलं नाही. मी त्यांचा हात धरला. तो त्यांनी काढून घेतला नाही, पण माझा हात धरलाही नाही.

घरी आल्यावर मी एक गोष्ट केली, जी करणं मला त्या वेळी फार महत्त्वाचं वाटलं. संक्रांतीनंतरचे जे फोटो मी आबांच्या शब्दावर पाठवले होते ते मला परत हवे होते. मी काम देणाऱ्यांना लिहिलं की माझ्या काही ओळखी चुकीच्या असण्याची शक्यता आहे, मला त्या पुन्हा तपासू द्या, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. तीन आठवडे उत्तर नाही. मग आलं. ते फोटो वापरून झाले होते. संगणक आता हे दोन पक्षी स्वतःच ओळखतो, त्यामुळं या जोडीचं काम बंद करत आहोत, आभारी आहोत. त्या संध्याकाळी मी माझा पासवर्ड टाकून बघितला, तर खातं उघडलं नाही.

म्हणजे कुठंतरी एक यंत्र आहे, आणि त्याला काही कांबळ्या पक्षी भंडाऱ्या म्हणून शिकवले गेले आहेत, एका आंधळ्या माणसानं, आपल्या लेकीच्या आवाजावरून. ते आता कुणी काढू शकत नाही. मी हे आबांना सांगितलं नाही. काम संपलं एवढंच सांगितलं. ते म्हणाले, "माझ्यामुळं गेलं का?" मी नाही म्हटलं. त्यांनी माझा आवाज ऐकला आणि मान हलवली. त्यांना काय कळलं ते मी विचारलं नाही.

थेंब दिवसातून तीनदा घालायचे असतात. मी घालते. दाब आटोक्यात आला असं डॉक्टर म्हणतात. पण डाव्या डोळ्यातला उजेडही पावसाळ्यात गेला. आबा आता पांढरा सदरा घालत नाहीत, आई देईल तो घालतात. पहिले काही दिवस मी त्यांच्याजवळ बसून पेपर वाचून दाखवला. ते ऐकायचे, पण मधे काही विचारायचे नाहीत. मग एकदा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझा घसा दुखंल." मी दुसरं काम शोधत होते, मिळत नव्हतं. कुपवाडला एका कारखान्यात हिशेबनिसाची जागा होती, तिथं माझं शिक्षण जास्त निघालं. साताऱ्याला अजून एकदा अर्ज केला. आम्ही तिघं एका घरात तीन वेगळ्या ठिकाणी बसायला लागलो.

आईनं घरापासून नळापर्यंत आणि नळापासून संडासापर्यंत नायलॉनची दोरी बांधली, धरून जाता यावं म्हणून. आबांनी ती एकदाही धरली नाही. ते पावलं मोजत जायचे. दिवाळी झाल्यावर एका दुपारी ते जागेवर नव्हते. आईला वाटलं माझ्या खोलीत असतील, मला वाटलं आईजवळ. तास गेला असेल. मग आम्ही हाका मारत निघालो. विहिरीत आधी बघितलं. मी वाकून बघितलं, आईला बघू दिलं नाही. विहिरीत नव्हते.

ते उसात होते. घरापासून पन्नास पावलांवर, आमच्याच उसात, सरीत उभे. ऊस डोक्याच्या वर वाढलेला. बाहेर पडायला बघताना उलटे आत गेले होते. हात आणि गाल पाल्यानं कापलेले, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. ते बसलेही नव्हते. अटेन्शनमध्ये उभं राहावं तसे उभे होते, तोंड भलत्याच दिशेला.

"आबा! आम्ही हाका मारत होतो, ऐकू आलं नाही का?"

"आलं की."

"मग ओ का नाही दिली? तुम्ही तरी हाक मारायची होती. घर इथंच आहे, मी खोलीत होते."

ते म्हणाले, "तू कामात असशील म्हटलं."

मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. आईनं जखमा पुसल्या. संध्याकाळी ते नेहमीसारखे जेवले.

मला काम नाही. मी दिवसभर घरातच असते, त्यांच्यापासून दहा पावलांवर. हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. ते व्हय म्हणतात. पण हाक मारत नाहीत.